मी केलेलं पाण्यावरचं विमान

पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं ड्रॉइंग काढली. लागले तेव्हा ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेलं चित्र पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचं, एवढंच काम. पुढं स्वतः काढायला लागले. कॉम्प्युटर आला तेव्हा ऑफिसातले तिघं घरी गेले आणि मी राहिले, कारण मी तीन महिन्यांत तो शिकून घेतला आणि त्यांना तो शिकायचा नव्हता.

आमचं ऑफिस कोल्हापूरच्या शाहूपुरीत आणि पॅटर्न शॉप उद्यमनगरात. पॅटर्न म्हणजे पंपाच्या भागाचा लाकडी नमुना. त्याचा ठसा वाळूत घ्यायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. मी काढलेल्या ड्रॉइंगवरून असे शेकडो पॅटर्न झाले असतील. पण मी त्या शॉपमध्ये गेले की तिथले मिस्त्री हातातलं काम थांबवून मी जायची वाट बघायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तिथं लाकूड कोरायची एक पटाशी उचलून बघितली होती. फोरमननं ती माझ्या हातातून काढून घेतली. "लागेल तुम्हाला," म्हणाला. रागावून नव्हे, चांगुलपणानंच म्हणाला, आणि म्हणूनच मला त्याला काही बोलता आलं नाही. ते न बोललेलं पुढं चौतीस वर्षं माझ्या पोटात होतं.

निवृत्तीच्या दिवशी साडी, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. साहेब म्हणाले, आता आराम करा. थोरल्या जाऊबाई आमच्या घराला लागूनच राहतात, मंगळवार पेठेत. त्या संध्याकाळी आल्या, साडीचा पोत बघितला आणि म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं. आता तरी घरात बसशील."

"बसणार न्हाय," मी म्हटलं.

"मग काय करणार?"

ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पण बसणार नाही हे ठाम होतं.

महिन्याभरानं ते कळलं. मोबाइलवर जुन्या यंत्रांची चित्रं बघायची मला सवय आहे. त्यात एके दिवशी दुसऱ्या महायुद्धातल्या कॅटलिना नावाच्या विमानाचं रेखाचित्र समोर आलं. वरून विमान आणि खालून होडी. चाकांच्या जोरावर जमिनीवर उतरायच्या ऐवजी हे थेट समुद्रावर पोट टेकून उतरायचं. पंख अंगाला चिकटलेले नाहीत, पाठीवरच्या एका उंच खांबावर आडवे ठेवल्यासारखे. इंजिनं दोन, तीही वर, पाणी उडू नये म्हणून. दोन्ही कुशींना काचेचे मोठे फुगे, त्यातून माणसं बाहेर बघायची. वेग असा की त्या काळातही लोक त्याला हळू म्हणायचे. पण जहाज बुडालं, विमान पडलं की पाण्यात तरंगणाऱ्या माणसांना उचलायला ते जायचं. युद्धासाठी केलेलं यंत्र माणसं गोळा करत फिरत होतं, हे वाचून मी ते चित्र बराच वेळ बघत राहिले.

आणि त्याच्या पोटाची रेषा! आयुष्यभर मी वर्तुळं, सरळ रेषा, फार तर पंपाच्या पात्याचा बाक काढला. ही रेषा नाकापाशी धारदार सुरू होऊन मध्ये रुंद होत होती, एका ठिकाणी पायरीसारखी तुटत होती आणि शेपटीकडं वर निघून जात होती. ती मला नुसती काढायची नव्हती. हातानं करायची होती.

मी ठरवलं, मॉडेल करायचं. लाकडाचं, तयार संच आणून जोडायचं नाही. प्रमाण बत्तीसास एक. म्हणजे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ एक मीटर आणि अंग दोन फूट. आणि होडी आहे तर ते तरंगलं पाहिजे.

जेवणाच्या टेबलावर कागद पसरून पूर्ण मापाचं ड्रॉइंग काढायला वीस दिवस लागले. त्या वीस दिवसांत माझे मिस्टर कॉटवर ताट घेऊन जेवले. ते शाळेत इतिहास शिकवायचे. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी विचारलं, "अगं, हे संपल्यावर टेबल मिळणार का?"

"संपल्यावर त्यावर कोरायचं आहे."

 दुसऱ्या दिवशी त्यांनी पडवीतलं जुनं टेबल पुसून मला देऊन टाकलं आणि जेवणाचं टेबल परत घेतलं.

लाकडासाठी मी उद्यमनगरात गेले. पॅटर्न शॉपमध्ये आता एकच जुना मिस्त्री उरला होता, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, जाड भिंगाचा चष्मा लावणारा. बाकी काम मशिनवर होतं. मी त्याला ड्रॉइंग दाखवलं. त्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं.

"इमान हाय व्हय ह्ये?"

"हो. मला पाइनचे तुकडे पाहिजेत. सुकलेले, गाठ नसलेले."

"करणार कोण?"

"मी."

तो हसला. "ताई, कागदावर रेघा वडण्यासारखं न्हाय ह्ये. आमचं आयुष्य गेलं ह्यात. तुमच्यानं हुणार न्हाय."

"लाकूड देणार की नाही ते सांगा."

लाकूड त्यानं दिलं. वर दोन पटाश्या, एक छोटा रंधा आणि एक लांब स्टीलची पट्टीही दिली, मीटरभर मापायला. "ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. सोडून दिलासा की आणून द्या." सोडून देणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं.

मी सकाळी स्वयंपाक उरकून दहा वाजता पडवीत बसायची ते एक वाजेपर्यंत. पहिलं अंग आठव्या दिवशी उभं चिरलं, कारण मी लाकडाच्या रेषांच्या विरुद्ध दिशेनं पटाशी चालवली होती. दुसरं मी दोन अर्ध्या भागांत करायला घेतलं, पॅटर्न करतात तसं: मधून उभे दोन तुकडे, आतून पोकळ करायचे, मग जोडायचे. आतून कोरताना पटाशी निसटली आणि डाव्या अंगठ्यात शिरली. रक्त थांबेना. मिस्टर मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी तीन टाके घातले.

"भाजी चिरताना?"

"विमान कोरताना," मी म्हटलं.

डॉक्टरांनी मिस्टरांकडं बघितलं. मिस्टर म्हणाले, "खरं आहे."

घरी आलो तर जाऊबाई दारात उभ्या. अंगठ्याची पट्टी बघून त्यांनी सुरू केलं. हे वय काय, हा हट्ट काय, लोक काय म्हणतील, उद्या बोट तुटलं तर भाकरी कोण थापणार. मला फोरमन आठवला. या वेळी मी गप्प बसले नाही. मी म्हटलं, "जाऊबाई, चुलीवर माझा हात किती वेळा भाजला? तेव्हा कुणी म्हणालं का, की भाकऱ्या सोड?"

त्या गेल्या. आठ दिवस बोलल्या नाहीत. टाके निघायच्या आत मी उजव्या हातानं पॉलिश पेपर घासायला सुरुवात केली होती.

पावसाळाभर मी अंग केलं. भिंती आतून कोरत कोरत चार मिलिमीटरवर आणल्या. ती पोटातली पायरी तीनदा केली. अंग जोडून ड्रॉइंगवर ठेवलं तेव्हा केसभरही इकडं-तिकडं नव्हतं. मग पंख घेतला, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड. सपाट, लांब, दोन्ही टोकांकडं निमुळता. मिस्त्रीनं दिलेली पट्टी मीटरभराची होती म्हणून ती वापरली. दोन आठवडे रंधा मारला, घासलं, आणि इतका सुंदर पंख झाला की मी तो मांडीवर घेऊन बसले.

मग तो ड्रॉइंगवर ठेवला. एक सेंटिमीटर लांब होता. टोकं छाटली असती तर त्यांचा बाक गेला असता.

मी परत मोजला. पट्टी म्हणत होती, बरोबर. कागद म्हणत होता, चूक. ड्रॉइंग परत तपासलं. तिथंही चूक नव्हती. चौतीस वर्षांत माझं माप चुकलं म्हणून एक पंप परत आला नव्हता. दोन दिवस मला वाटत राहिलं, की आता डोकं चालत नाही, सगळे म्हणतात तसं वय झालं. तिसऱ्या दिवशी माझी ऑफिसातली जुनी फूटभर पट्टी काढली आणि त्या पट्टीशेजारी ठेवली. दोघींचं शून्य जुळवलं. तीस सेंटिमीटरवर मिस्त्रीची पट्टी तीन मिलिमीटर पुढं गेली होती, म्हणजे मीटरभरात बरोबर एक सेंटिमीटर.

तेव्हा लक्षात आलं. लोखंड थंड होताना आकसतं, शंभरात एक. म्हणून पॅटर्न मुद्दाम तेवढा मोठा करतात, आणि तो मोजायची पट्टीच आधीपासून तेवढी ताणलेली असते. आकडे नेहमीचेच, पण प्रत्येक आकडा जरासा खोटा. मला हे माहीत होतं. मीच ड्रॉइंगवर धातू कोणता ते लिहून द्यायची, म्हणजे मिस्त्री त्याची पट्टी निवडायचा. पण ती पट्टी माझ्या हातात कधी आलीच नव्हती, आणि तिच्या कडेला बारीक अक्षरात कोरलेलं मी वाचलं नव्हतं.

मी पंख एका जुन्या साडीत गुंडाळला, पट्टी घेतली आणि रिक्षा करून उद्यमनगर गाठलं. मिस्त्री चहा पीत होता. मी पट्टी त्याच्या बाकावर आपटली. दोन कामगार वळून बघायला लागले.

"ही कुठली पट्टी दिलीत मला?"

त्यानं चष्मा वर केला. आधी पट्टीकडं, मग माझ्याकडं बघितलं. आणि तोंडभर हसला. "वळखलासा व्हय!"

"मुद्दाम दिली होती?"

"मग काय. म्हटलं, हितंच कळंल, माप बघतात का नुसतं चित्र काढतात."

"माझा दोन आठवड्यांचा पंख गेला."

"माझं पयलं पॅटर्न वस्तादानं चुलीत घातलतं, ताई. तुमचा पंख तरी शाबूत हाय."

माझा राग जागच्या जागी होता. मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही तुमच्या वस्तादाकडं शिकायला गेला होता. मी तुमच्याकडं शिकायला आले नव्हते. मी लाकूड मागायला आले होते. शिकवायचंच असेल तर समोर बसवून शिकवा. चोरून परीक्षा घेऊ नका."

 मिस्त्रीनं कप खाली ठेवला. साडी उलगडून पंख हातात घेतला, डोळ्यासमोर धरून टोकापासून टोकापर्यंत धार बघितली, अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"रंधा कुठल्या बाजूनं मारलासा?"

"मधून टोकाकडं."

"बराबर हाय." मग बाकाची दुसरी बाजू हातानं झाडली. "बसा. दुसरा हितंच करा. आयतं लाकूडबी हाय आणि मी बी हाय."

दुसरा पंख मी तिथं केला, सहा दिवसांत. त्यानं एकदाही माझ्या हातातून हत्यार घेतलं नाही. चुकलं की तो फक्त "हूं" म्हणायचा आणि मी थांबायची.

डिसेंबरात मॉडेल झालं. खालून फिकट राखाडी, वरून समुद्री निळं. काचेचे फुगे प्लॅस्टिकच्या बाटल्या तापवून, साच्यावर ओढून केले. त्यात अकरा बाटल्या वाया गेल्या. त्याच सुमाराला शाहूपुरीच्या एका हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन भरणार होतं. मी फॉर्म भरला, गटाच्या पुढं लिहिलं: मॉडेल मेकिंग, खुला गट.

प्रदर्शनाच्या सकाळी मिस्टर आणि मी विमान घेऊन पोचलो. पंख मिस्टरांच्या हातात, अंग माझ्या. संयोजकांपैकी एक गृहस्थ पुढं आले आणि आम्हाला कोपऱ्यातल्या टेबलापाशी घेऊन गेले. तिथं क्रोशाचे रुमाल, नारळाची सजावट, लोकरीचे ससे आणि रुखवतात मांडतात तसा मण्यांचा बंगला होता. माझ्या जागेवर कार्ड लावलेलं: 'टाकाऊतून टिकाऊ, महिला विभाग'.

रुमाल सुंदर होते, हे मी आधीच सांगते. ते विणणाऱ्या बाईशी माझं भांडण नव्हतं. पण मी म्हटलं, "माझा गट हा नव्हे."

"ताई, प्लॅस्टिकच्या बाटल्या वापरल्यात ना? मग बसतं यात. आणि तिकडं मॉडेलच्या टेबलावर सगळी पुरुष मंडळी आहेत, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल."

"मला काही होत नाही. त्यांना होत असेल तर त्यांना हिकडं बसवा."

मी अंग उचललं आणि चालायला लागले. मिस्टर पंख सांभाळत मागं. मॉडेलच्या टेबलावर दोन जहाजं, एक रेल्वे इंजिन आणि तीन विमानं होती. मी एका जहाजवाल्याला म्हटलं, "जरा सरका की." तो सरकला. विनातक्रार सरकला, उलट पंख बसवताना त्यानं खालून धरला. अवघडलं होतं ते फक्त संयोजकाला.

दुपारी परीक्षक आले. पुण्याचे, निवृत्त इंजिनिअर, स्वच्छ भाषा. विमानाभोवती दोनदा फिरले.

"छान आहे. मिस्टरांनी केलंय?"

"त्यांना खिळा ठोकता येत नाही," मी म्हटलं. मिस्टरांनी मान डोलावली.

"मग मार्गदर्शन कुणाचं? कोरीवकाम कोण करतं?"

"मी करतो."

ते हसले. आमच्या कोल्हापुरात बायका 'मी करतो', 'मी येतो' असंच बोलतात. चारचौघांत मी जपून बोलते, पण त्या वेळी जपायचं राहिलं. "करतो की करते?" त्यांनी गमतीनं विचारलं.

"कसंही म्हणा. कोरलंय मीच."

त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. त्यांनी पोटाखालच्या पायरीकडं बोट केलं. "ही कशासाठी असते, सांगा."

"पाण्यावर धावताना पाणी पोटाला चिकटून राहतं. पायरीपाशी ते तुटतं, मग विमान सुटतं. पायरी नसेल तर ते नुसतंच पळेल, उठणार नाही."

त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले. मी चारही उत्तरं दिली. शेजारच्या जहाजवाल्याला त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि मी ते तिथंच मोठ्यानं बोलून दाखवलं. तेवढ्यात संयोजक मध्ये पडले. हळू आवाजात म्हणाले, "सर, त्यांच्या कारखान्यात पॅटर्नचे मिस्त्री आहेत. त्यांनी केलं असणार."

मिस्त्री तिथंच होता. सकाळीच हॉलमध्ये येऊन मागं उभा राहिला होता, ते मला माहीतही नव्हतं. तो गर्दीतून पुढं आला. "मीच त्यो मिस्त्री. मी लाकूड दिलं. आणि हुणार न्हाय म्हणलतो. वर खोटी पट्टी दिलती. एवढंच माझं काम ह्यात. बाकी समदं ह्या बाईचं हाय." मग संयोजकाकडं वळून म्हणाला, "इचारायचं हुतं की पावणं, मला. असणार, असणार काय करतासा?"

परीक्षकांचा चेहरा उतरला. त्यांनी माझी माफी मागितली, चारचौघांत, आणि ती मनापासून होती असं मला वाटलं.

बक्षीस मला मिळालं नाही. रंगात ब्रशचे ओरखडे दिसत होते आणि अंगाच्या जोडावर डिंकाची रेघ वर आली होती. परीक्षकांनी मला बोलावून ते दाखवलं. ते खरं होतं. तिन्ही बक्षिसं मिळालेली कामं माझ्यापेक्षा सफाईची होती. जाताना ते म्हणाले, "जपा याला. काचेच्या पेटीत ठेवा. आणि पाण्याला मात्र लावू नका, वाट लागेल."

पुढच्याच रविवारी मी ते पाण्यात सोडलं.

माझा धाकटा भाऊ कसबा बावड्याला राहतो. त्याच्या उसाच्या कडेला शेततळं आहे, काळ्या प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं. मिस्टर आले, मिस्त्री आला, भावाच्या रानात खुरपणीला आलेल्या दोन बायका खुरपी हातात घेऊन बांधावर येऊन उभ्या राहिल्या. मी विमानाच्या नाकाला मासे धरायची दोरी बांधली, गुडघ्यावर बसले आणि ते पाण्यावर ठेवून हात काढले.

ते खाली गेलं. थोडं गेलं, आणि थांबलं. पाणी कुठवर यावं त्याची मी आखलेली रेष होती, तिच्या वर अर्धा इंच पाणी आलं होतं, कारण वजन जास्त भरलं होतं. डाव्या पंखाच्या टोकाखालचा, तोल सांभाळणारा छोटा तरंगा पाण्याला टेकला होता. पण ते उभं होतं. उसावरून वारा आला, तसं नाक वळवून ते तळ्याच्या मधोमध निघालं. मागं बारीक रेघ उमटत गेली.  खुरपणीवाल्यांतली एक म्हणाली, "अगं बया, चाललं की!"

मिस्त्री चष्मा पुसत होता. मी रडले नाही. मला रडू येण्यासारखं काही वाटत नव्हतं. जोरात ओरडावंसं वाटत होतं, आणि मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. उसातनं बगळे उडाले एवढं आठवतं.

अर्ध्या तासानं भाऊ चुळबुळ करायला लागला. विमान मघापेक्षा जरा जास्त कललं होतं. जोडातून पाणी आत झिरपत होतं, परीक्षकांनी दाखवलेल्या त्याच रेघेतून.

"आक्का, वड आता दोरी. बुडंल ते."

"बुडू दे की," मी म्हटलं. "दुसरं करू."

आणखी दहा मिनिटं मी ते तिथंच राहू दिलं. मग दोरी ओढली. उलटं केलं तर आतून अर्धा पेला पाणी निघालं. भावजयीनं पिठलं-भाकरी केली होती. आम्ही बांधावरच जेवलो, विमान शेजारी उन्हात वाळत ठेवून. मिस्त्री एका हातात भाकरी धरून दुसऱ्या हाताच्या नखानं तो जोड कुठं उघडायचा ते मला दाखवत होता.